अपडेटनंतर मेल का अडते?

मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकगठ्ठा सोडते. ऑक्टोबर २००३ पासूनचा हा शिरस्ता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळी सकाळचे दहा वाजलेले असतात. भारतात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे पुण्या-नागपूरच्या घरांत परिणाम दिसतो तो बुधवारी सकाळी किंवा त्यानंतर कधीतरी. कॉम्प्युटर सुरू करावा तर पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ अशी सूचना, मग आपोआप रीस्टार्ट, आणि अखेर ओळखीचा डेस्कटॉप. सगळं जागच्या जागी असतं. फक्त आउटलुक किंवा थंडरबर्ड उघडलं की पासवर्ड मागणारी चौकट येते आणि बरोबर पासवर्ड टाकला तरी जात नाही. कुणाचा इनबॉक्स रिकामा दिसतो. कुणाकडे मेल येतात, पण लिहिलेली मेल आउटबॉक्समध्येच बसून राहते.

अशा वेळी मनात दोन विचार लागोपाठ येतात. अपडेटने मेल बिघडवली, हा पहिला. खातं काढून टाकू आणि पुन्हा जोडू, हा दुसरा. पहिला विचार कधीकधी खरा निघतो. दुसरा मात्र महागात पडू शकतो, कारण काही खाती अशी असतात की ती प्रोग्राममधून काढली की वर्षानुवर्षांच्या मेलची एकुलती एक प्रत त्याबरोबर जाऊ शकते. बिघाड तासाभरात दुरुस्त होतो. घाईने केलेला उपाय कधीकधी परत फिरवता येत नाही. म्हणून या प्रकरणात आधी तपास आणि मग इलाज, असाच क्रम ठेवला आहे.

चार मालक, चार वेळापत्रकं

घरच्या कॉम्प्युटरवर मेल दिसते तेव्हा चार वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळलेल्या असतात: मेलचा प्रोग्राम, त्याखालची विंडोज किंवा मॅकची प्रणाली, घरातलं इंटरनेट आणि पलीकडे जीमेल, याहू, रेडिफ अशा कुणाचा तरी सर्व्हर. या चारही गोष्टींचे मालक बहुधा वेगळे असतात आणि प्रत्येक जण आपापल्या सोयीने बदल करतो.

त्यांना जोडणारे नियम जुने आहेत. मेल पाठवण्याची पद्धत, एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढली. मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची आयमॅप ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. त्या काळी इंटरनेटवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. संदेश उघडाच जाई, पासवर्डही उघडाच जाई, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. संदेश गुप्त करण्याची, पाठवणारा खरा की खोटा हे तपासण्याची सोय नंतर थरावर थर चढवून केली गेली. अपडेटनंतर अडतं ते बहुतेक वेळा या नंतरच्या थरांत. चौघांपैकी एक पुढे जातो, एक मागे राहतो आणि दोघांचं बोलणं थांबतं. घरातल्या माणसाला दिसलेली शेवटची घटना अपडेटची असते, म्हणून दोष त्याच्या माथी येतो.

आधी ब्राउझर

पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे. मेलचा प्रोग्राम बाजूला ठेवून क्रोम, फायरफॉक्स किंवा एजमधून त्याच खात्यात शिरावं. तिथे नव्या मेल दिसत असतील, तर खातं शाबूत आहे, पासवर्ड बरोबर आहे, इंटरनेटही चालू आहे. शोध घरातल्या प्रोग्रामपुरता उरतो. ब्राउझरमध्येही खातं उघडत नसेल किंवा मेल येत नसतील, तर मेलच्या प्रोग्रामला हात लावण्यात अर्थ नाही.

दोष कधीकधी किती दूर असतो याचं उदाहरण १ जानेवारी २०२२ चं आहे. त्या दिवशी जगभरातल्या अनेक संस्थांमध्ये ‘एक्स्चेंज’ या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर मेल अडकून पडल्या. घातक मेल हुडकणाऱ्या भागाला रोज जे अपडेट येई, त्याचा क्रमांक तारखेवरून बनवलेला असे. नव्या वर्षाचा पहिला क्रमांक निघाला २,२०,१०,१०,००१. तो ज्या जागेत साठवायचा होता, तिथे मावणारी सर्वांत मोठी संख्या होती २,१४,७४,८३,६४७. तपासणारा भाग कोसळला आणि तपासल्याशिवाय मेल पुढे जाईना. मायक्रोसॉफ्टने तातडीचा उपाय म्हणून पुढचा क्रमांक चक्क ‘२०२१, डिसेंबर, ३३ तारीख’ असा वाचता येईल असा दिला. त्या सकाळी आपल्या घरी बसून आउटलुक पुन्हा पुन्हा टाकणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात काहीही नव्हतं.

ब्राउझरमध्ये आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी: जागा. गुगलच्या फुकट खात्याला १५ जीबी मिळतात आणि ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून असतात. १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेले फोटोही या हिशेबात धरले जातात. लग्नामुंजीचे व्हिडिओ चढले की जागा संपते आणि येणाऱ्या मेल पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागतात. त्याच आठवड्यात विंडोजचा अपडेट झाला असेल, तर तो निष्कारण बदनाम होतो.

येत नाही की जात नाही?

‘मेल चालत नाही’ या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. येणारी मेल आयमॅपने किंवा मेल घरी उतरवून घेणाऱ्या पॉप पद्धतीने येते, जाणारी एसएमटीपीने जाते. दोन्हींचे सर्व्हर वेगळे, सेटिंग वेगळं. एक बंद पडून दुसरं व्यवस्थित चालू शकतं.

प्रत्येकासाठी सर्व्हरचा ठरावीक दरवाजा असतो, त्याला पोर्ट म्हणतात. आयमॅपचा सुरक्षित पोर्ट ९९३, पॉपचा ९९५. पाठवण्यासाठी पूर्वी सगळे पोर्ट २५ वापरत. स्पॅम पाठवणाऱ्यांनी तोच वापरल्यामुळे इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी तो बंद केला. घरून पाठवण्यासाठी ५८७ हा वेगळा पोर्ट डिसेंबर १९९८ मध्ये ठरला, आणि पहिल्या क्षणापासून गुप्त जोडणी करणाऱ्या ४६५ ची शिफारस जानेवारी २०१८ मध्ये झाली. वीस वर्षांपूर्वी कुणी तरी जोडून दिलेल्या खात्यात अजूनही २५ हा आकडा दिसला, तर पाठवण्याच्या तक्रारीचं उत्तर बहुधा तिथेच आहे.

पडद्यावरचा संदेश न वाचता बंद करण्याची सवय इथे मोडावी लागते. एसएमटीपी सर्व्हर नकार देताना तीन अंकी क्रमांक देतो. पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. ५ असेल तर कितीही वेळा पाठवली तरी तेच उत्तर येणार. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही, ५५० म्हणजे समोरचं खातं सापडत नाही किंवा तिथे प्रवेश नाकारला, ५५२ म्हणजे जागेची मर्यादा ओलांडली. मदत मागताना हा क्रमांक सांगितला, तर समोरच्याचा अर्धा वेळ वाचतो.

काही वेळा मात्र दोष खरोखर प्रणालीतच असतो. २०१५ मध्ये विंडोज ७ किंवा ८ वरून विंडोज १० वर गेलेल्या अनेकांच्या आउटलुकमध्ये मेल येत होत्या, जात नव्हत्या. सेटिंग सगळं बरोबर. अपग्रेडमध्ये प्रणालीच्या काही फाइल्स बिघडल्या होत्या. विंडोजमध्येच असलेला ‘सिस्टिम फाइल चेकर’ कमांड प्रॉम्प्टवरून चालवला की तो बिघडलेल्या फाइल्स शोधून बदलत असे आणि मेल सुटत असे.

घड्याळ आणि प्रमाणपत्र

मेलचा प्रोग्राम सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचं प्रमाणपत्र तपासतो. त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं, आणि ती तारीख ताडून पाहिली जाते कॉम्प्युटरच्या घड्याळाशी. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची, रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते. सहा-सात वर्षांच्या मशीनमध्ये ती संपत आलेली असते. एरवी फारसा बंद न होणारा कॉम्प्युटर अपडेटच्या निमित्ताने बंद होतो, कुणी तरी मागचं बटणही बंद करतं, आणि सकाळी घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. मग जगातलं कुठलंच प्रमाणपत्र वैध ठरत नाही. ‘सर्टिफिकेट’ हा शब्द चूक सांगणाऱ्या संदेशात दिसला की सर्वांत आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख आणि साल पाहावं. बॅटरी कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळते.

प्रमाणपत्रांचा दुसरा किस्सा अपडेट न करणाऱ्यांना लागू पडतो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था सर्व्हरना फुकट प्रमाणपत्रं देते. ती ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर उभी होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. संस्थेने नवं मूळ प्रमाणपत्र आधीच तयार ठेवलं होतं. पण २०१६ च्या आधीच्या प्रणालीवर थांबलेले मॅक आणि आयओएस ९ वर अडकलेले आयफोन त्याला ओळखत नव्हते. त्या संध्याकाळपासून अशा मशीनवर अनेक संकेतस्थळं आणि मेल सर्व्हर ‘अविश्वसनीय’ ठरले. मालकांनी काहीच बदललं नव्हतं, आणि अडचण नेमकी त्यातूनच आली होती.

बरोबर पासवर्ड, तरीही नकार

ब्राउझरमध्ये चालणारा पासवर्ड मेलच्या प्रोग्राममध्ये नाकारला जातो, तेव्हा माणूस चक्रावून जातो. कारण गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी घेतलेल्या एका निर्णयात आहे. केवळ नाव आणि पासवर्ड घेऊन कुठल्याही प्रोग्रामला आत सोडण्याची जुनी पद्धत त्यांनी बंद केली. याहूने २०२० मध्ये, गुगलने खासगी खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून, आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल, लाइव्ह या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून.

त्या जागी आलेल्या पद्धतीचं नाव ओऑथ. यात मेलचा प्रोग्राम पासवर्ड पाहतच नाही. तो गुगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं लॉगिन पान उघडतो. माणूस तिथे ओळख पटवतो आणि प्रोग्रामला फक्त एक परवाना मिळतो, जो खातेदार केव्हाही रद्द करू शकतो. चोराच्या हाती प्रोग्राम लागला तरी पासवर्ड लागत नाही, हा त्याचा फायदा.

थंडरबर्डमध्ये उपाय सोपा आहे. खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ या ठिकाणी ‘नॉर्मल पासवर्ड’ असेल तर ते बदलून ‘ओऑथ२’ करायचं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही सर्व्हरसाठी. दुसरा विसरला जातो आणि मग ‘मेल येते, जात नाही’ ही तक्रार उरते. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद ठेवलेल्या असतील तर लॉगिनची खिडकी पुढेच सरकत नाही, तेही पाहावं.

आउटलुक २००७ किंवा २०१० सारख्या जुन्या प्रोग्रामला ओऑथ ठाऊक नाही. त्यांच्यासाठी गुगलने ‘ॲप पासवर्ड’ ही सोय ठेवली आहे. खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की सोळा अक्षरांचा एक वेगळा पासवर्ड तयार करता येतो. तो नेहमीच्या पासवर्डच्या जागी फक्त त्या प्रोग्राममध्ये टाकायचा. मुख्य पासवर्ड बदलला की असे सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात, हे लक्षात नसल्यामुळे पुष्कळांची मेल सहा महिन्यांनी पुन्हा अडते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यांसाठी मात्र जुना प्रोग्राम सोडून ओऑथ जाणणारा प्रोग्राम घेणं हाच रस्ता आहे.

गुप्तभाषेची आवृत्ती

सर्व्हर आणि प्रोग्राम यांच्यातलं बोलणं टीएलएस नावाच्या पद्धतीने गुप्त केलं जातं. तिची पहिली आवृत्ती १९९९ ची, १.१ ही २००६ ची, १.२ ही २००८ ची आणि १.३ ही २०१८ ची. पहिल्या दोन आवृत्त्यांत कच्चे दुवे सापडल्यामुळे मार्च २०२१ मध्ये त्या अधिकृतपणे निकालात काढल्या गेल्या. त्याआधीच, जुलै २०२० मध्ये आलेल्या थंडरबर्ड ७८ ने त्या बंद करून टाकल्या होत्या.

थंडरबर्ड आपोआप अपडेट झालं आणि छोट्या कंपन्यांचे किंवा जुन्या होस्टिंगवरचे मेल सर्व्हर वापरणारे लोक एका सकाळी बाहेर राहिले. त्यांचा सर्व्हर १.२ बोलतच नव्हता. ‘कॉन्फिग एडिटर’मध्ये जाऊन किमान आवृत्तीचा आकडा ३ वरून १ करावा, असा सल्ला तेव्हा हातोहात फिरला. त्याने मेल सुरू होते हे खरं. पण त्याबरोबर कमकुवत संरक्षणही परत येतं, आणि तेही त्या प्रोग्राममधल्या सगळ्या खात्यांसाठी. महत्त्वाच्या मेल उतरवून घेण्यापुरता तो वापरावा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला सुधारणा करायला सांगावं. २०१८ नंतरही १.२ न देणारा पुरवठादार इतर बाबतींतही मागेच असणार.

याच थरात अँटिव्हायरसही ढवळाढवळ करतो. येणारी-जाणारी मेल तपासायची तर गुप्त संवाद उघडून पाहावा लागतो. त्यासाठी अँटिव्हायरस मध्ये उभा राहतो आणि प्रोग्रामला आपलंच प्रमाणपत्र दाखवतो. विंडोज, अँटिव्हायरस किंवा मेलचा प्रोग्राम यांपैकी एक जरी बदललं तरी ही जुळणी तुटू शकते. थंडरबर्ड विश्वासू प्रमाणपत्रांची स्वतःची वेगळी यादी ठेवतं, त्यामुळे तिथे ती लवकर तुटते. अँटिव्हायरसमधलं ‘मेल शील्ड’ किंवा ‘ईमेल स्कॅनिंग’ तेवढं दहा मिनिटं बंद करून पाहावं. मेल सुरू झाली तर गुन्हेगार सापडला. आख्खा अँटिव्हायरस काढून टाकण्याची गरज नसते.

मेल गेल्या कुठे?

सर्वांत घाबरवणारी तक्रार रिकाम्या इनबॉक्सची. इथे पहिला प्रश्न खातं कोणत्या पद्धतीचं आहे हा. आयमॅप असेल तर मूळ प्रती सर्व्हरवर असतात, घरची प्रत पुसली गेली तरी ती पुन्हा उतरते. पॉप पद्धतीत मेल घरी उतरवून सर्व्हरवरून काढून टाकण्याची प्रथा होती. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या चौकटीत खूण नसेल तर घरचीच प्रत एकमेव असते. म्हणूनच पॉपच्या खात्यावर ‘रिमूव्ह अकाउंट’ कधीही आधी दाबू नये.

रिकामा दिसणारा इनबॉक्स बहुतेक वेळा पत्ता चुकलेला असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये थंडरबर्ड ६८ आलं आणि त्याने प्रोग्रामच्या प्रत्येक प्रतीसाठी वेगळा ‘प्रोफाइल’ ठेवायला सुरुवात केली. ३२ बिटवरून ६४ बिटवर गेलेल्यांना थंडरबर्ड कोरं करकरीत दिसलं, जणू आजच टाकलं आहे. जुना फोल्डर शेजारीच जसाच्या तसा होता. ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावरून प्रोफाइलची यादी उघडून जुना निवडला की सगळ्या मेल परत दिसत.

फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका मासिक अपडेटने काही जणांना विंडोजच्या तात्पुरत्या युजर प्रोफाइलमध्ये नेऊन बसवलं. डेस्कटॉप रिकामा, मेल रिकामी. मूळ फोल्डर फक्त नाव बदलून त्याच डिस्कवर पडून होता. याउलट, २ ऑक्टोबर २०१८ रोजी सुटलेल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही कॉम्प्युटरवरच्या ‘डॉक्युमेंट्स’मधल्या फाइल्स खरोखरच पुसल्या. मायक्रोसॉफ्टने चार दिवसांत तो थांबवला आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा सोडला. आउटलुक मेल साठवणारी आपली पीएसटी फाइल एरवी ‘डॉक्युमेंट्स’मध्येच ठेवतं, हे आठवलं की त्या घटनेचं गांभीर्य कळतं.

पीएसटीची स्वतःचीही दोन दुखणी आहेत. आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या पद्धतीच्या फाइलला २ जीबीची मर्यादा होती; ती गाठली की फाइल बिघडते. आजच्या आवृत्त्यांत मर्यादा ५० जीबी आहे, पण कुणाकडे जुनीच फाइल वर्षानुवर्षं पुढे ओढत आणलेली असते. दुसरं दुखणं वनड्राइव्हचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड साठवणुकीचं. विंडोजची नवी आवृत्ती सुरू करून देताना ‘फोल्डरचा बॅकअप घ्या’ असं सुचवते. हो म्हटलं की ‘डॉक्युमेंट्स’ वनड्राइव्हमध्ये सरकतं आणि सतत उघडी असलेली मोठी पीएसटी क्लाउडवर चढवण्याची धडपड सुरू होते. आउटलुक मंदावतं, कधी फाइल सापडत नाही म्हणतं. पीएसटी वनड्राइव्हच्या बाहेरच्या साध्या फोल्डरमध्ये हलवणं हा इलाज.

निवृत्त झालेले प्रोग्राम

काही वेळा बिघडलेलं काहीच नसतं. प्रोग्रामचं आयुष्य संपलेलं असतं. विंडोज एक्सपीबरोबर येणारं आउटलुक एक्सप्रेस व्हिस्टामध्ये वगळलं गेलं, त्या जागी विंडोज मेल आलं. विंडोज ७ मेल प्रोग्रामशिवायच आली. तिथे वापरल्या जाणाऱ्या विंडोज लाइव्ह मेलचा आधार जानेवारी २०१७ मध्ये काढला गेला. विंडोज १० मधल्या ‘मेल’ ॲपमधून मेल पाठवणं-घेणं ३१ डिसेंबर २०२४ नंतर बंद झालं आणि लोकांना ‘नवीन आउटलुक’कडे वळवलं गेलं. मॅकवर ऑक्टोबर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीने ३२ बिटचे सगळे प्रोग्राम नाकारले. त्यात आउटलुक २०११ ही होतं. अशा प्रोग्रामला जिवंत करण्याच्या खटपटीत वेळ घालवण्यापेक्षा त्यातल्या मेल बाहेर काढून नव्यात घेणं शहाणपणाचं.

मराठी अक्षरांचा घोळ

मराठी घरांत एक खास तक्रार असते: मेल आहे, उघडतेही, पण वाचता येत नाही. २००० च्या दशकात शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम अशा फाँटमध्ये पुष्कळ पत्रव्यवहार झाला. त्यांत मजकूर साठत असे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांनी. त्यावर मराठी आकार चढवण्याचं काम फाँट करी. विंडोज नव्याने टाकली किंवा मशीन बदललं की तो फाँट मागे राहतो आणि जुन्या मेलच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसतो. मजकूर खराब झालेला नसतो. तोच फाँट पुन्हा बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांनाही एक धक्का बसला होता. विंडोज १० मध्ये ‘मंगल’ हा फाँट मूळ संचातून काढून ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऐच्छिक गटात ठेवला गेला. मूळ संचात ‘निर्मला यूआय’ राहिला. मेल वाचता येते, पण वळण बदललेलं, ओळींची मांडणी हललेली. सेटिंगमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’ या ठिकाणाहून तो गट परत घेता येतो.

मदत कुणाची घ्यावी?

मेल अडली की लोक सर्च इंजिनमध्ये ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतात, आणि तिथेच ठग टपलेले असतात. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो आणि ‘एनीडेस्क’सारखं दुरून कॉम्प्युटर चालवणारं ॲप टाकायला सांगतो. अशा ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असं सांगायला मायक्रोसॉफ्ट किंवा गुगल आपण होऊन घरी फोन करत नाहीत. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

तपास करूनही दोष अपडेटचाच ठरला, तर परत फिरता येतं. मासिक दुरुस्ती ‘अपडेट हिस्टरी’मधून काढता येते. मोठी आवृत्ती बदलली असेल तर दहा दिवसांच्या आत ‘गो बॅक’ हे बटण चालतं. त्यानंतर विंडोज जुन्या फाइल्स पुसून टाकते. पण सुरक्षेची दुरुस्ती कायमची काढून ठेवणं धोक्याचं आहे. चूक कंपनीची असेल तर ती सहसा लवकरच सुधारते: मॅकच्या ऑक्टोबर २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीत ॲपलच्या मेल प्रोग्रामचं जीमेलशी बिनसलं होतं, तेव्हा ७ नोव्हेंबरला दुरुस्ती आली. तोवर ब्राउझरमधून काम चालवता येतं.

वाचकांनी एक काम आजच, मेल सुरळीत चालू असताना करावं. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन आपलं खातं पॉप आहे की आयमॅप ते पाहावं. आयमॅप असेल तर निश्चिंत व्हावं. पॉप असेल तर प्रोग्राम बंद करून त्याची पीएसटी फाइल किंवा थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावा, आणि पुढच्या दुसऱ्या मंगळवारच्या आत.